मागून येणाऱ्या बातम्या

त्यांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं. पण पाटीवर वडिलांचंही नाव होतं आणि धाकट्या भावाचंही, आणि त्यातलं यांचं नेमकं कुठलं हे शोधत बसण्यापेक्षा त्यांना ‘खातरजमा’ म्हणणंच बाजाराला सोयीचं वाटलं. समोर अर्थात कुणी म्हणत नसे. समोर दादा, फार तर काका. पाठ फिरली की खातरजमा.

छत्री घ्यायला गेले तर दुकानातल्या दुकानात ती उघडून दिव्याखाली धरत आणि कुठे भोक दिसतंय का ते आतून वर बघत उभे राहत. औषधाच्या गोळ्या आणल्या की पाकिटावरची मुदत आधी स्वतः वाचत, मग बायकोला वाचायला लावत, आणि दोघांचं उत्तर जुळलं तरच पाणी मागत. बसवरची पाटी वाचूनही वाहकाला विचारत, आणि वाहकाने सांगितल्यावर शेजारच्या प्रवाशाला. स्वभाव जन्माचाच, पण त्याला खतपाणी मिळालं ते स्वतःच्या लग्नात. फोटो काढणारा धडाधड फोटो काढत होता, आणि नवरदेवाने मध्येच त्याला थांबवून विचारलं की कॅमेऱ्यात रोल आहे ना. दोन्हीकडची मंडळी पोट धरून हसली. फोटोवाल्याने तोऱ्यात कॅमेरा उघडून दाखवला, आणि आत रोल नव्हता. पुढे आयुष्यात त्यांच्या शेकडो शंका खोट्या निघाल्या, पण ती एक खरी निघाली होती, आणि शंकेखोर माणसाला तेवढी एक जन्मभर पुरते.

दुकान वडिलांनी काढलेलं होतं. रेडिओची विक्री आणि दुरुस्ती. वडील गेल्यावर दोघा भावांनी ते न बोलता वाटून घेतलं. पुढचा गल्ला आणि गिऱ्हाइकं धाकट्याची, मागचं दुरुस्तीचं टेबल खातरजमांचं. धाकटा बोलका. केस रंगवणारा, इस्त्रीचा शर्ट घालणारा, आलेल्या माणसाला आधी बसवून मग काय हवं ते विचारणारा. खातरजमा मागे खिडकीपाशी, भिंगाच्या दिव्याखाली मान घालून बसलेले. टेबलावर मागची झाकणं काढलेले रेडिओ, स्क्रूंचे डबे, तारांची भेंडोळी, आणि सोल्डरिंगचा तो जरा गोडसर धूर. दुकानाच्या पुढच्या आणि मागच्या भागात एक पडदा होता. भावांचं बरंचसं बोलणं त्या पडद्यातून व्हायचं, आणि वर्षानुवर्षं ते ठीक चाललं होतं.

मग कंपनीचा माणूस आला. त्याचे बूट इतके नवे होते की दुकानात पाय टाकताना तो फरशी बघून टाकायचा. धाकटा त्याला साहेब म्हणू लागला, आणि खातरजमांनी पडद्यामागे त्याचं नाव बूटवाला ठेवलं. त्याने पिशवीतून एक डिजिटल रेडिओ काढून गल्ल्यावर ठेवला. छोटा, काळा, गुळगुळीत. पुढे एक पट्टी होती, तिच्यावर केंद्राचं नाव उजळायचं. काटा नाही, फिरवायला चकती नाही, खरखर नाही. आवाज असा स्वच्छ की बातम्या देणाऱ्या बाईने मध्येच घेतलेला श्वाससुद्धा ऐकू यावा. धाकट्याचे डोळे चमकले. खातरजमा पडद्याच्या फटीतून बघत होते. एवढं स्वच्छ काही त्यांनी आजवर फक्त जाहिरातीत ऐकलं होतं, आणि जाहिरातींबद्दल त्यांचं मत काय होतं ते सांगायला नको.

बूटवाल्याचं म्हणणं थोडक्यात असं होतं. जुनं प्रसारण लवकरच बंद होणार. मग घरोघरचे जुने रेडिओ म्हणजे नुसती खोकी. लोकांना हे कळून चुकलंय, लोक भराभर नवे घेतायत, या भागातच दर तिसऱ्या घरात आमचा संच गेलाय. तेव्हा या भागाची विक्री तुम्ही घ्या. अट एवढीच, की दुकान कंपनीच्या रंगात रंगवायचं, पुढून मागपर्यंत काचेची कपाटं करायची, आणि ते मागचं टेबल काढायचं. नव्या मालाच्या दुकानात जुन्या रेडिओची पोटं फाडून ठेवलेली बरी दिसत नाहीत. शिवाय दुरुस्तीचा प्रश्नच उरत नाही. संच बिघडला तर उघडायचा नाही, कंपनीकडे पाठवायचा.

खातरजमा पडदा सारून बाहेर आले आणि त्यांनी दोन गोष्टी विचारल्या. लवकरच म्हणजे कधी? बूटवाला म्हणाला, लवकरच. गेल्या खेपेला याच कंपनीचा दुसरा एक माणूस येऊन गेला होता, तोही लवकरच म्हणाला होता, आणि त्यानंतर त्याच्या मुलीचं लग्न होऊन नातूही झाला होता. दुसरी गोष्ट अशी, की दर तिसऱ्या घरात म्हणजे गोदामातून दुकानांत गेलेला माल की घरात वाजणारा माल? बूटवाला हसून म्हणाला, काका, माल शेवटी घरातच जातो. खातरजमांना हे मान्य नव्हतं. त्यांच्या दुकानाच्या माळ्यावर असा कितीतरी माल होता जो घरात जायला म्हणून आला होता आणि माळ्यावरच म्हातारा झाला होता.

बूटवाला एक संच नमुन्याला ठेवून, महिनाअखेर उत्तर न्यायला येतो असं सांगून गेला. त्याच्याकडूनच मागून घेतलेला दुसरा एक संच धाकट्याने स्वतःच्या घरी नेला, आणि दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायला लागला की आमच्याकडे तर आता हाच चालतो, बायको जुन्याला हात लावायला तयार नाही.

त्या आठवड्यात भावांमध्ये पहिल्यांदा पडद्याशिवाय बोलणं झालं. खातरजमा म्हणाले, लोक घेतायत याचा पुरावा काय? धाकटा म्हणाला, तुला पुरावा देईपर्यंत समोरचा मोबाइलवाला विक्री घेऊन टाकेल. खातरजमा म्हणाले, घेऊ दे. धाकटा हातातल्या फडक्याने गल्ल्याची काच पुसू लागला, पुसून झाली तरी पुसतच राहिला.

“दादा, या खेपेला तू नाही म्हणालास तर आपण वेगळे होऊ,” तो म्हणाला. “भांडण नको. माझा पुढचा भाग मला दे, मी माझं बघतो.”

या वाक्याची खातरजमा करायची गरज नव्हती.

ते मागे जाऊन बसले. समोर नमुन्याचा संच होता आणि शेजारी कुणाचा तरी दुरुस्त झालेला लाकडी रेडिओ. त्यांनी दोन्हीवर एकच केंद्र लावलं. संध्याकाळच्या बातम्या लागल्या होत्या. जुन्यातली बाई वाक्य संपवून पुढच्यावर गेली आणि नव्यातल्या बाईने मागचं वाक्य म्हणायला घेतलं, जणू एक पोरगी दुसरीच्या वहीत बघून म्हणतेय. लबाडी सापडली असं वाटून त्यांनी तिथल्या तिथे बूटवाल्याला फोन लावला. तो कंटाळून म्हणाला, काका, आवाजाचे आकडे करायचे, पाठवायचे, मग आकड्यांचा पुन्हा आवाज करायचा, दोन-चार सेकंद लागणारच. सगळ्याच डिजिटल संचांत लागतात. खातरजमांनी विचारलं, सगळ्याच? तो म्हणाला, सगळ्याच.

लबाडी नव्हती. पण फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपल्या हाती मोजमाप आलंय. एका कानात जुना खिशातला रेडिओ लावायचा आणि बातम्यांच्या वेळी गल्ल्यांतून चालत सुटायचं. ज्या खिडकीतून बातम्या मागून येतील त्या घरात डिजिटल. ज्या खिडकीतून सोबत येतील त्या घरात जुना. दर तिसरं घर खरं की खोटं, ते कानाला कळणार होतं. कुणाला विचारायचीही गरज नव्हती, आणि विचारलेल्या गोष्टीवर त्यांचा तसाही विश्वास बसत नसे.

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी टेबलावर फडकं टाकून ते निघू लागले. खिशात रबरबँड लावलेला छोटा रेडिओ, एका कानात त्याची तार, दुसरा कान मोकळा, आणि चाल अशी की कुठल्याही खिडकीखाली ती आपोआप मंद व्हायची. केशकर्तनालयाच्या दारात उभ्या असलेल्या न्हाव्याने विचारलं, काय दादा, मशीन बसवलंत का कानाला? बरं झालं, आता घरचं भांडण एकाच कानाने ऐकायचं. एका बाईने त्यांना खिडकीखाली उभं राहिलेलं बघून धाडकन खिडकी लावली. एका इमारतीच्या पहारेकऱ्याने तर खुर्चीतून उठून कुणाला भेटायचंय म्हणून विचारलं. कुणालाच नाही, खातरजमा म्हणाले. मग करताय काय? बातम्या ऐकतोय. पहारेकऱ्याने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, घरी ऐकू येत नाहीत का? जन्मभर दुसऱ्यांवर संशय घेणाऱ्या माणसाला, आपल्यावर घेतलेला संशय कसा दिसतो ते त्या आठवड्यात चांगलंच दिसलं. त्यांना त्याचा राग आला नाही. उलट पहारेकरी मनातून आवडला.

सुरुवातीच्या फेऱ्यांत मागून येणारा आवाज कुठेच सापडला नाही. खरं तर आवाजच कमी होते. बाजाराच्या मागच्या रांगेत एक सायकल दुरुस्तीवाला, एक लॉन्ड्री, दोन-चार स्वयंपाकघरं, आणि सगळीकडे बाई कानातल्या बाईच्या सोबतच बोलत होती. खातरजमा खूश होते. रोज घरी येऊन बायकोला सांगायचे, दर तिसरं घर म्हणे, तिसऱ्या गल्लीतही नाही. बायको म्हणायची, मग तुम्हाला आनंद कशाचा होतोय? दुकान आपलंच आहे ना? यावर ते पाय धुवायला निघून जायचे.

मग ते चढाच्या गल्लीत गेले.

ही गल्ली नावाप्रमाणे चढाची, दोन्ही बाजूंना खेटून घरं, खिडक्या रस्त्यावर उघडणाऱ्या. पहिल्याच खिडकीतून बातम्या मागून आल्या. खातरजमा थांबले. त्यांनी कानातली तार काढून पुन्हा घातली. पुढच्या घरातूनही मागून. वर गेले, तिथूनही मागून. कुठे जास्त मागून, कुठे कमी, पण सोबत कुणीच नाही. एका खिडकीतली बाई वाक्य संपवते न संपवते तोच पलीकडच्या खिडकीतली तेच वाक्य सुरू करत होती, आणि ते गल्लीच्या मधोमध उभे राहून एकच बातमी निरनिराळ्या वेळी ऐकत होते. बूटवाला खरं बोलत होता. तिसरं घर कसलं, घराघरांत.

त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी पायसुद्धा धुतले नाहीत. बायकोला म्हणाले, लोकांनी घेतले गं. आपलंच चुकलं. त्या टेबलाचं आता काय करायचं तेवढं सांग, विकायचं की घरी आणायचं. बायको भाजी निवडत होती. तिने वर न बघताच विचारलं, कुणाच्या घरात बघितलात? बघितला नाही, ऐकला, खातरजमा म्हणाले. बायको म्हणाली, सगळं आयुष्य छत्र्या उघडून बघण्यात घालवलंत, आणि आज नुसतं ऐकून टेबल विकायला निघालात?

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा चढाच्या गल्लीत गेले. तिथे कपडे शिवणारी एक बाई होती, तिचा रेडिओ त्यांनी पूर्वी दुरुस्त केला होता. तो कसा चाललाय हे बघायला आलो असं निमित्त त्यांनी रस्त्यातच तयार करून ठेवलं होतं. बाईने आत बोलावलं. शिवणयंत्रावर अर्धा शिवलेला सदरा, खाली चिंध्यांचा ढीग, आणि खिडकीत बातम्या चालू. मागून येणाऱ्या. खातरजमांनी खिडकीकडे पाहिलं. तिथे रेडिओ नव्हता. स्टीलचा एक उंच पेला होता, आणि पेल्यात उभा ठेवलेला फोन.

रेडिओ कुठाय, त्यांनी विचारलं. बाई जरा ओशाळली. म्हणाली, तुम्ही छान करून दिलात हो काका, पण या चढावर घरात तो धड लागतच नाही, सारखी तार हलवावी लागते. हातात सुई असते. मग मुलीने यावरच लावून दिलं, तेच केंद्र येतं. नुसताच ठेवला तर यंत्राच्या आवाजात ऐकू येत नाही म्हणून पेल्यात. सगळ्या गल्लीत असंच आहे. खातरजमांनी हळूच विचारलं, नवा तो डिजिटल रेडिओ मिळतो म्हणे, तो नाही का घेतलात? बाईने विचारलं, तो काय असतो?

खातरजमा गल्ली उतरले ते जवळजवळ तरंगतच. मोजमाप बरोबर होतं, फक्त ज्याचं मोजमाप होत होतं ते वेगळंच निघालं. नवा रेडिओ कुणी घेतला नव्हता. लोकांनी त्याच्यासाठी थांबण्याचे कष्टच घेतले नव्हते, ते सरळ पुढच्या थांब्यावर उतरले होते. आणि हे आत्ताच्या आत्ता धाकट्याला सांगायला हवं म्हणून त्यांनी त्याच्या घराची वाट धरली. कानातली तार काढायचं भान त्यांना राहिलं नाही.

धाकट्याचं घर पहिल्या मजल्यावर, स्वयंपाकघराची खिडकी रस्त्याच्या अंगाला. ते जिन्याकडे वळणार तेवढ्यात वरून बातम्या ऐकू आल्या. कानातल्या बाईच्या सोबत. एक अक्षर पुढे नाही, एक अक्षर मागे नाही.

ते तसेच उभे राहिले. आमच्याकडे तर हाच चालतो. बायको जुन्याला हात लावायला तयार नाही. इतके दिवस धाकट्याने गल्ल्यावरून म्हटलेलं ते वाक्य त्यांना पाठ होतं.

वर गेले तर धाकटा अजून आला नव्हता. भावजयीने पाणी दिलं, चहा टाकला. फळीवर जुना रेडिओ होता, एका बाजूने दोऱ्याने बांधलेला, खरखर करत चाललेला. नवा कुठाय म्हणून त्यांनी विचारल्यावर तिने आधी त्यांच्याकडे आणि मग कपाटाकडे पाहिलं. म्हणाली, मिक्सर लावला की तो मुका होतो, दादा. खिडकीत ठेवला तर बोलतो, ओट्यावर आणला की एकदम गप्प. हा खरखरतो, पण बोलायचा थांबत नाही. मग जरा वेळाने, कप विसळता विसळता, पाठमोरीच म्हणाली की यांना काही बोलू नका.

चहा न संपवता ते निघाले. आता त्यांच्या मनात फोनही नव्हते आणि पेलाही नव्हता. आपला भाऊ खोटं का बोलतोय, एवढंच होतं. स्वतःच्या घरात जो चालत नाही तो माल दुसऱ्याच्या गळ्यात मारायची एवढी घाई कशाला? बूटवाल्याने याला एकट्याला काही कबूल केलंय का? टेबल काढायची अट कंपनीची, की यानेच तिच्या तोंडात घातलेली? संशय घेण्याचा त्यांचा हात बसलेला होता. पण आजवर तो छत्र्यांवर, गोळ्यांवर, बसच्या पाट्यांवर चालला होता. भावावर चालवताना तो जड झाला, तरी थांबला मात्र नाही. पुढचे काही दिवस ते पडद्याच्या फटीतून गिऱ्हाइकांकडे न बघता धाकट्याकडे बघत राहिले. धाकटा फोनवर हळू बोलला की यांचं सोल्डरिंग थांबायचं. धाकटा हसला की कशाला हसला. दोघांनी एकत्र डबा खायचा, तो खातरजमांनी काम आहे सांगून मागेच खायला सुरुवात केली.

महिनाअखेरीला बूटवाला आला. या खेपेला बूट जरा वापरलेले वाटले. धाकट्याने खुर्ची दिली, पडदा बाजूला केला आणि थोरल्याला बाहेर बोलावलं. खातरजमांनी चढाच्या गल्लीतलं सगळं सांगितलं. बूटवाला चिडला नाही. तो म्हणाला, फोनवर ऐकतात हे आम्हाला माहीत आहे, काका. पण फोनचं नेट संपतं, बॅटरी संपते, मध्येच कुणाचा तरी फोन येतो. आज ना उद्या लोक याच्याकडेच वळणार. आणि तुमच्या घरातच बघा ना, धाकट्या साहेबांकडे तर हाच चालतो.

खातरजमांनी धाकट्याकडे वळून शांतपणे विचारलं, काय रे, तुझ्याकडे हाच चालतो ना?

“हो,” धाकटा म्हणाला. त्याची नजर गल्ल्याच्या काचेवर होती. “रोज हाच चालतो.”

बोलायला खातरजमांकडे सगळं होतं. दोरा बांधलेला रेडिओ होता, कपाट होतं, मिक्सर होता. एक वाक्य पुरलं असतं. टेबल वाचलं असतं, बूटवाला पिशवी उचलून गेला असता, आणि धाकटा परक्या माणसासमोर खोटा ठरला असता. खातरजमांना लग्नातला तो फोटोवाला आठवला. कॅमेरा उघडल्यावर सगळे हसले होते, पण त्याचा चेहरा कसा झाला होता ते त्यांनी तेव्हा पाहिलंच नव्हतं. आता ते धाकट्याचा चेहरा बघत होते.

ते बूटवाल्याला म्हणाले की माफ करा, माझीच अजून खात्री पटत नाही. धाकट्याचा काही दोष नाही, त्याची इच्छा आहे, पण माझा स्वभावच असा. बाजारात विचारा कुणालाही. बूटवाल्याने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, मान हलवली, नमुन्याचा संच पिशवीत टाकला आणि जाता जाता म्हणाला की समोर विचारतो मग. रस्ता ओलांडून तो मोबाइलवाल्याच्या दुकानात शिरताना दोघांनाही दिसला.

धाकट्याने शटर अर्धं खाली ओढलं.

“तुला माहीत होतं,” तो म्हणाला.

“तुझ्या खिडकीखाली उभा होतो. बातम्या वेळेवर येत होत्या.”

“मग बोलला का नाहीस?”

“त्याच्यासमोर?”

धाकटा खुर्चीत बसला. खातरजमांच्या मनात जे आठवडाभर घोळत होतं तेच आधी बाहेर आलं. “त्याने तुला एकट्याला काही कबूल केलं होतं का?”

धाकट्याने मान वर करून बघितलं. तो रागावेल असं खातरजमांना वाटलं होतं, पण तो रागावला नाही.

“केलं होतं,” तो म्हणाला. “लोक दुकानात येतील म्हणाला होता. एवढंच. दादा, तुझ्याकडे मागे निदान पोटं फाडलेले रेडिओ तरी येतात. माझ्याकडे दिवसभर लोक पत्ता विचारायला येतात.”

“तुझा त्या डब्यावर विश्वास आहे?”

“नाही. घरात आणल्या दिवशीच बसला नाही. पण मला विकायला काहीतरी हवं होतं, विश्वास ठेवायला नाही.”

खातरजमा गल्ल्याला टेकून उभे होते. मग त्यांनी पुन्हा ती शिवणाऱ्या बाईची हकिगत सांगितली. मघाशी बूटवाल्याला सांगितली होती ती पुराव्यासारखी, आता जरा सविस्तर, चिंध्यांच्या ढिगासकट. पेल्यापाशी आल्यावर धाकट्याने त्यांना अडवलं. पेल्यात का? आवाज पुरत नाही म्हणून. यंत्राच्या आवाजात ऐकू येत नाही म्हणून? हो. आणि सगळ्या गल्लीत असंच? बाई म्हणाली तसं. तू किती घरांत गेलास? खातरजमा म्हणाले, एकाच. धाकट्याच्या तोंडावर बऱ्याच दिवसांनी हसू आलं. म्हणाला, एकाच? आणि बाजार तुला काय काय म्हणतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी धाकटा चढाच्या गल्लीत गेला. कानात काही न घालता, इस्त्रीचा शर्ट घालून, सरळ दारं वाजवायला. दुकान उघडं ठेवायचं म्हणून खातरजमा कित्येक वर्षांनी गल्ल्यावर बसले. एक माणूस आला, त्याने झेरॉक्सचं दुकान विचारलं. एक बाई आली, तिने दवाखाना विचारला. एका पोक्त गृहस्थांनी आत येऊन, पंख्याखाली उभं राहून, घाम पुसून, बस किती वाजता आहे ते विचारलं आणि गेले. खातरजमांनी रस्त्याकडे बघितलं. धाकटा अजून येत नव्हता. तो समोर मोबाइलवाल्याकडे तर बसला नसेल, अशी शंका त्यांच्या मनात आली. ती घालवायला त्यांना बरीच खटपट करावी लागली, आणि पुरती गेली असंही म्हणता येणार नाही.

धाकटा आला तो बोलतच आला. चार घरांत पेला, दोन घरांत पातेलं, एका आजोबांनी तर फोन मातीच्या कुंडीत ठेवला होता. फोनला जोडायचे छोटे स्पीकर मिळतात, दोघा-तिघांनी नाव ऐकलंय, घेतला कुणीच नाही. थोडेच आणायचे. ते बिघडतात म्हणे लवकर, पण उघडता येतात, तेव्हा दुरुस्ती तुझ्याकडे. खातरजमांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले की पेला घरातला असतो, त्याला काही पडत नाही, तो सोडून लोक स्पीकर कशाला घेतील?

धाकट्याचा चेहरा उतरला. आपण पुन्हा कॅमेरा उघडायला लावला हे खातरजमांना कळलं, पण शंका खरी होती आणि ती परत घेणं त्यांना येत नव्हतं. ते उठले, पडदा सारून मागे गेले आणि टेबलाच्या रस्त्याकडच्या टोकाचे डबे उचलून फळीवर ठेवू लागले. धाकटा पाठोपाठ येऊन बघत राहिला.

“स्पीकर ठेवायला कुठपर्यंत मोकळं करू?” त्यांनी विचारलं.

धाकट्याने टेबलावर हात ठेवला, मध्याच्या बराच अलीकडे. खातरजमांनी त्याच्या हाताच्याही पलीकडचा एक डबा उचलला.

“हे चालेल असं मला वाटत नाही,” ते म्हणाले.

“मलाही खात्री नाही, दादा.”

“मग ठीक आहे,” खातरजमा म्हणाले, आणि पुढचा डबा उचलायला वाकले.